‘मग पुढं काय झालं?’ : गाण्यातल्या गोष्टीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं, गोष्ट सांगणारं तुमचं आवडतं गाणं कोणतं? याद्या तर आल्याच, पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडून यादीसोबत प्रश्नही आले, आणि ते याद्यांपेक्षा जास्त कामाचे निघाले. त्यातले सात इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या यादीत बहिणाबाईंचं ‘अरे संसार संसार’ पहिल्या नंबरला आहे. मैत्रीण म्हणते, हे गोष्टीचं गाणंच नव्हे. मग गोष्टीचं गाणं ओळखायचं कसं? (जळगाव)

उत्तर : मैत्रिणीचं म्हणणं बरोबर आहे. पण बहिणाबाईंना यादीतून काढू नका, फक्त गाणं बदला.

ओळखायची रीत सोपी आहे. कडव्यांचा क्रम मागेपुढे करून गाणं म्हणून बघा. काही बिघडलं नाही तर ते गाणं चित्र काढतंय किंवा विचार मांडतंय. गोंधळ झाला तर त्यात गोष्ट आहे. ‘अरे संसार संसार’ची कडवी हलवली तरी अर्थ शाबूत राहतो. ‘खोप्यामधी खोपा’चंही तसंच, ते सुगरणीच्या घरट्याचं चित्र आहे. ‘धरित्रीच्या कुशीमधी’ला मात्र हात लावता येत नाही. आधी बी मातीखाली निजतं, वर माती शालीसारखी पसरते, मग बी टरारतं, कोंब वर येतात, पानं टाळ्या वाजवायला लागतात. कोंबाचं कडवं आधी म्हटलं की पेरणीला अर्थच उरत नाही. माणूस एकही नाही, तरी ही पेरणीपासून पिकापर्यंतची सरळ गोष्ट आहे. आसोद्याच्या शेतात हे सगळं डोळ्यांनी बघितलेल्या बाईनं सांगितलेली.

दुसरी खूण शेवटाची. ‘एका तळ्यात होती’ हे गदिमांचं गाणं घ्या. कुरूप पिल्लू पाण्यात स्वतःला बघतं आणि राजहंस निघतं. त्या शेवटच्या ओळींनी आधीचं सगळं हिणवणं उलटं फिरतं. शाळेच्या कार्यक्रमात वेळ वाचवायला लोक मधलं, पिल्लाला कुणी जवळ घेत नाही ते कडवं गाळतात. मग शेवट येतो, टाळ्याही पडतात, पण राजहंसाचं कुणाला काही वाटत नाही. आधी दुखलेलंच नसतं ना.

आमच्या यादीत वरचा नंबर अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’ या छक्कड प्रकारातल्या शाहिरी गाण्याचा. मुंबईला पोटासाठी गेलेला माणूस गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, इथपर्यंत ती विरहाची लावणी वाटते. मग बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अशी नावं येतात आणि मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख आहे हे ध्यानात येतं. गुजरातेत गेलेलं डांग खानदेशातून किती जवळ, हे नवापूर-साक्रीकडच्या माणसाला सांगायला नको.

प्रश्न : भुलाबाईच्या सणाला आमच्या गल्लीतल्या मुली ‘कारल्याचं बी पेर’ दोन कडव्यांवर सोडून देतात आणि खाऊ ओळखायला पळतात. पूर्ण कसं बसवावं? (चोपडा)

उत्तर : मुलींना गाणं येत नाही असं नाही, त्यांना टप्पे येत नाहीत. हे साखळीचं गाणं आहे. सून माहेरी जायची परवानगी मागते, सासू दर वेळी एक नवं काम पुढं करते. एका फेरीत एकच शब्द बदलतो, बाकी चाल आणि ओळ तीच. म्हणून आधी गाणं बाजूला ठेवा आणि टप्पे बोटांवर मोजून घ्या : बी पेरणं, कोंब येणं, वेल चढणं, फूल येणं, कारलं लागणं, भाजी करणं, भाजी खाणं, उष्टं काढणं, आणि शेवटी वेणीफणी. हे नऊ झाले. तुमच्या आजीकडे एखादा जास्त-कमी असेल तर तोच धरा, छापील पुस्तकाकडे बघून तिचा टप्पा काढू नका.

मग दोन गट करा, सासूचा आणि सुनेचा. सगळ्यांनी सगळं म्हटलं की चुकलेली मुलगी गर्दीत लपते आणि पुढच्या फेरीला निम्म्या मुली वेलावर, निम्म्या फुलावर. सासूच्या गटात टप्पा सांगायला एकच मुलगी नेमा. तिनं टप्पा उचलला की बाकीच्यांनी तिच्यामागे जायचं.

एका फेरीला बारा-तेरा सेकंद लागतात, म्हणजे सगळं गाणं दोन मिनिटांत संपतं. सुरुवातीलाच टिपऱ्या जोरात धरल्या की तिसऱ्या टप्प्याला दम लागतो, आणि गाणं तिथंच सुटतं. पहिले चार टप्पे सावकाश, कारलं लागलं की थोडं चढवा, वेणीफणीला सर्वांत जलद. सासूची आज्ञा ठसक्यात आली पाहिजे. सुनेचं ‘आता तरी’ मात्र दर फेरीला थोडं जास्त काकुळतीला येऊ द्या. या दोन शब्दांवरच गाण्याची सगळी गंमत उभी आहे.

प्रश्न : ९ सप्टेंबरला आमच्या शाळेत शिरीषकुमारचा पोवाडा करायचा आहे. मुलं आठवी-नववीची, वेळ दहा मिनिटं. किती ओळी लिहाव्यात, कुठं काय ठेवावं? (नंदुरबार)

उत्तर : आधी हिशेब. पोवाड्याची एक ओळ गायला साधारण पाच सेकंद लागतात. आठ ओळींचा एक चौक धरला तर चाळीस सेकंद, त्यावर झीलकऱ्यांची झील (मागच्या साथीदारांनी ओढलेली टेक) पंधरा-वीस सेकंद. म्हणजे चौकाला एक मिनिट. असे चार चौक, त्यांच्यामध्ये तीन वेळा अर्ध्या-पाऊण मिनिटाचं गद्य, सुरुवातीला नमनाचा अर्धा मिनिट आणि शेवटी मुजरा. सात-साडेसात मिनिटं झाली. उरलेली मोकळीच ठेवा, स्टेजवर चढण्या-उतरण्यात आणि टाळ्यांत ती जातात. बत्तीस ओळींच्या वर लिहू नका. चाळीस लिहिल्या की मुलं शेवटचा चौक पळवतात, आणि नेमका तोच चौक हुतात्म्यांच्या नावांचा असतो.

घटना अशी वाटून घ्या. पहिल्या चौकात गाव आणि काळ : ‘चले जाव’चं १९४२ साल, नंदुरबार, पंधरा वर्षांचा मुलगा. दुसऱ्यात मिरवणूक, हातात तिरंगा, मुलांच्या घोषणा. तिसऱ्यात पोलीस आडवे येतात, मुलं मागे हटत नाहीत, गोळी सुटते. चौथ्यात पाच हुतात्म्यांची नावं : शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पाचही नावं दोन ओळींत कोंबायचा मोह होतो. ‘धनसुखलाल’ आणि ‘घनश्यामदास’ एका ओळीत आले की जीभ अडखळते. एका ओळीला एक नाव ठेवा, डफाची एक थाप, मग पुढचं.

झीलसाठी नुसतं ‘जी जी रं जी’ नको. मिरवणुकीतली गुजराती घोषणा तुमच्याच गावची आहे : ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनुं’. ती चालीत बसते आणि दर चौकाला येते. गोळी सुटल्यावर मात्र झील तोडा. डफ, तुणतुणं, झांज सगळं थांबवून मनात चार अंक मोजा. मग एकाच मुलानं हळू आवाजात ‘नहीं नमशे’ उचलायचं. या चार अंकांची तालीम वेगळी करा. मुलांना शांतता भरवत नाही, कुणीतरी दुसऱ्या अंकाला झांज मारतोच.

एक पथ्य पाळा. शिरीषकुमारच्या तोंडी लांब भाषणं घालू नका. तो अमुक म्हणाला, शिपाई तमुक म्हणाला, असे संवाद लिहायला सोपे जातात, पण मग पोवाड्याचं नाटुकलं होतं आणि खरं-खोटं एकात एक मिसळतं. घोषणा पुरेशी बोलकी आहे. उपदेश करायचाच असेल तर मुजऱ्यात एक ओळ.

आता वाद्यं. सप्टेंबर म्हणजे पावसाळी हवा, चामड्याचा डफ ओलाव्यानं उतरतो आणि थाप ‘भद्’ अशी येते. कार्यक्रमाआधी वीस मिनिटं निखाऱ्यापासून हातभर अंतरावर धरून फिरवत शेका, मधूनमधून बोटानं वाजवून बघा. आवाज टणक झाला की थांबा. जास्त तापवलं तर चामडं कडेला फाटतं. प्लॅस्टिकच्या पानाच्या डफाला हे काही लागत नाही, पण आवाज पातळ निघतो. तुणतुण्याची तार मुख्य गाणाऱ्याच्या षड्जाला लावा, पेटीवाल्याच्या सोयीला नव्हे. मुलगी गाणार असेल तर काळी चार-पाच, आवाज फुटलेला मुलगा असेल तर काळी एक-दोन. दोघांना आलटून पालटून चौक देऊ नका, पट्टी कुणालाच पुरत नाही. आणि डफ माइकपासून दोन हात लांब, नाहीतर पालकांना फक्त डफ ऐकू येईल.

प्रश्न : पुण्याचा भाचा म्हणतो, ‘बबल्या इकस केसावर फुगे’ या गाण्याचा अर्थ म्हणजे बबल्या केसांवर फुगे लावून फिरतो. खरं का? (धुळे)

उत्तर : भाच्याला ‘इकस’ कळलेलं नाही. खानदेशच्या अहिराणी बोलीत ‘करस’ म्हणजे करतो, ‘जास’ म्हणजे जातो, तसं ‘इकस’ म्हणजे विकतो. आणि ‘केसावर’ म्हणजे केसांच्या बदल्यात. विंचरताना निघालेले केस बायका गुंडाळून ठेवतात, फेरीवाला ते घेतो आणि पोरांच्या हातात फुगा देतो. एका ओळीत माणूस, त्याचा धंदा आणि सगळी गल्ली येते. ‘वर’चा हा अर्थ जुनाच आहे. अर्थात लग्नाच्या डीजेपुढे नाचायला यातलं काही माहीत असावं लागत नाही.

प्रश्न : रामनवमीला आमचं मंडळ गीतरामायण करतं. वेळ दीड तास. छप्पनमधली कोणती घ्यावीत? दर वर्षी लोक मध्येच उठतात. (चाळीसगाव)

उत्तर : दीड तासात बारा गाणी. एकाला साडेपाच-सहा मिनिटं धरली तर सत्तर मिनिटं, राहिलेली वीस निवेदनाला आणि मधल्या मोकळ्या वेळाला. आमची निवड अशी : ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’, ‘दशरथा घे हे पायसदान’, ‘राम जन्मला गं सखी’, ‘आकाशाशी जडले नाते’, ‘मोडु नको वचनास’, ‘नकोस नौके परत फिरू’, ‘माता न तू वैरिणी’, ‘पराधीन आहे जगती’, ‘सूड घे त्याचा लंकापति’, ‘सेतू बांधा रे सागरी’, ‘भूवरी रावणवध झाला’ आणि ‘गा बाळांनो श्री रामायण’. पहिलं आणि शेवटचं कधीच गाळू नका. रामासमोर त्याचीच मुलं त्याची गोष्ट गातात, ही चौकट त्या दोन गाण्यांत आहे. ती काढली की उरतात सुटी भक्तिगीतं.

लोक उठतात ते बहुतेक निवेदनामुळे. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून हे सुरू झालं तेव्हा श्रोत्याला आठवड्याला एक गाणं मिळत होतं. तुम्ही एका बैठकीत बारा देता, आणि निवेदक प्रत्येकाआधी सगळा प्रसंग रंगवून सांगतो. मग गाण्याला सांगायला काही राहत नाही. या गाण्यांची ताकद बोलणाऱ्यात आहे. जवळजवळ प्रत्येक गाणं कुणीतरी कुणाला तरी म्हणतंय : कैकेयी दशरथाला, भरत कैकेयीला, शूर्पणखा रावणाला. निवेदकानं तेवढंच सांगावं. ‘आता आजोळाहून परतलेला भरत आईसमोर उभा आहे.’ झालं. प्रत्येकी चाळीस शब्द, त्यावर नाही.

‘पराधीन’ची कात्री जपून चालवा. सगळी कडवी घेतली तर वेळ जातो, म्हणून मंडळं पहिली तीन-चार घेऊन थांबतात. तिथं नेमकी चूक होते. सुरुवातीची कडवी तत्त्वज्ञानाची आहेत, गोष्ट पुढं आहे. तू अयोध्येचा राजा हो, मी वनातला रंक, असं राम भरताला सांगतो ते कडवं, आणि पुन्हा कोणी या वनात येऊ नका म्हणतो ते शेवटचं, ही दोन गेली तर भरत परत का गेला ते कळतच नाही. पहिलं कडवं, त्याशिवाय ‘दोन ओंडक्यांची’चं, आणि ही दोन, अशी चार घ्या. ओंडक्यांचं गाळलंत तर चाळीसगावात तुम्हाला पुढच्या वर्षी कुणी बोलावणार नाही.

प्रश्न : आजी ८१ वर्षांची. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आणि कानबाईच्या सणाची गाणी तिला येतात, पण मोबाइल समोर धरला की आठवत नाही म्हणते. (पारोळा)

उत्तर : ‘म्हणून दाखव’ म्हटलं की कुणालाही आठवत नाही. गाणं हाताच्या कामाबरोबर शिकलेलं असतं. तिला डाळ निवडायला द्या, पाळणा किंवा झोका हलवायला द्या, जातं असेल तर रिकामं फिरवू द्या. शक्य असेल तर तिच्या वयाची एखादी शेजारीण बोलवा. एकीचं अडलं की दुसरी उचलते, आणि ‘आसं नही, तसं शे’ म्हणून भांडतात त्यातून दोन पाठ मिळतात. मध्येच थांबली तर ओळ सुचवू नका. ‘मंग काय व्हयनं?’ एवढंच विचारा. गोष्ट आठवली की ओळ मागोमाग येते.

फोन तोंडापासून एक हात अंतरावर, घडी केलेल्या कापडावर ठेवा. स्टीलच्या ताटावर किंवा उघड्या टेबलावर ठेवला तर ठोके उमटतात. पंखा, कूलर बंद. फोन विमान मोडवर. एप्रिल-मेच्या उन्हात पंख्याशिवाय बसवायचं तर सकाळी सातच्या आत. गाणं दोनदा घ्या, पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा अर्थ विचारत. दोन्ही फाइली ठेवा आणि त्याच दिवशी दुसरीकडे कॉपी करा.

लिहून काढताना शाळेचं मराठी घुसवू नका. ‘आथानी कैरी तथानी कैरी’मध्ये पाणी ‘झुयझुय’ वाहतं. ‘झुळझुळ’ लिहिलंत की ‘ळ’चा ‘य’ करणारी बोली गेली आणि गाण्याचा आवाजही गेला. न कळलेला शब्द ऐकू आला तसा लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाजानं भरू नका.

फाइलच्या नावात तारीख, गाण्याचा प्रसंग आणि आजीचं माहेरचं गाव हवंच. बाई गाणं माहेरी शिकते आणि सासरी म्हणते. आजी आज पारोळ्यात असेल, पण माहेर शिंदखेड्याकडचं असेल तर गाणं तिकडचं.

प्रश्न : बहिणीला आखाजीला आणायला निघालेल्या भावावर अहिराणी गाणं लिहिलं. ऐकणारे ‘भारी’ म्हणतात, पण कोण कुणाशी बोलतंय ते कळत नाही म्हणतात. (साक्री)

उत्तर : तुमच्या मसुद्यात पाच बोलणारे आहेत : बहीण, भाऊ, सासू, सासरा आणि मध्येच गाडीवान. तीन मिनिटांच्या गाण्याला तीन पुष्कळ झाले. गाडीवान आणि सासरा काढा. सासू बोलते तिथं ओळीच्या सुरुवातीलाच ‘सासू म्हनस’ येऊ द्या. जुनी गाणी हेच करतात आणि त्यात कमीपणा काही नाही. ओळीच्या शेवटी ‘असं सासू म्हनस’ लिहिलं की ऐकणाऱ्याला मागे जावं लागतं, आणि गाणं मागे जाऊ देत नाही.

सासूची अडवणूक दिवसांप्रमाणे बसवा. तुम्ही तिला कपाशी निंदायला सांगायला लावलंय. आखाजीच्या दिवसांत शेत मोकळं असतं, कपाशी कुठून येणार? त्या दिवसांत घरोघरी पापड, कुरडया, शेवया चालू असतात. ‘पापड लाटाना बाकी शेतस’ म्हटलं की प्रत्येक बाई मान हलवेल.

धृपद तुमचं चांगलं आहे : ‘आखाजी उनी, भाऊ नही उना’ (आखाजी आली, भाऊ नाही आला). पण ते पाचही वेळा जसंच्या तसं येतं, भाऊ दारात उभा राहिल्यावरसुद्धा. गोष्ट हलली तर धृपदानंही हललं पाहिजे, आणि एका शब्दानं हलणं पुरतं. आनंदाचा शेवट हवा असेल तर शेवटच्या वेळी ‘आखाजी उनी, भाऊ बी उना’. तुमच्या गोष्टीत मात्र सासू त्याला चार दिवस थांबवते, सण निघून जातो. तिथं शब्दांची जागा बदला : ‘भाऊ उना, आखाजी गयी’. चाल तीच ठेवा, फक्त ढोलकी बंद.